काळजी करू नकोस, काळजी घे

(करंजाडे येथे एका सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्य तितकी तशीच ठेवली आहेत.)

मागे ऐकू येतंय ना? पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, पुढे या. मराठी माणूस व्याख्यानाला आला की दाराजवळची खुर्ची धरतो, उठून जायला सोपं पडतं म्हणून. (हशा)

आयोजकांनी दिलेला विषय मोठा आहे. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या स्त्रियांच्या चिंता आणि त्यांच्या गरजा. मी त्यांना म्हटलं, अहो, मी डॉक्टर नाही. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. ते म्हणाले, डॉक्टरांचं व्याख्यान मागच्या महिन्यात झालं, आता तुम्ही बोला. तेव्हा मला जे येतं तेच मी करणार. मजकूर वाचणार. कविता-कादंबरी जशी वाचतो तसा या आजाराभोवतीचा मजकूर: बातमी, सिनेमा, फलक आणि दवाखान्यातून मिळणारं ते घडी पडलेलं कार्ड. त्यात काय लिहिलंय आणि काय लिहायचं राहून गेलंय, एवढंच बघायचं.

सुरुवात एका प्रसंगाने करते. आमच्या वन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला, हा आजार झाला होता. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं पार पडलं. तीन वर्षांनी तपासणीसाठी आम्ही पनवेलहून लोकल पकडली. दिव्यांगांसाठी जो छोटा डबा असतो, त्यात कॅन्सरच्या रुग्णांनाही बसता येतं, म्हणून त्यात चढलो. वन्संचे केस परत आलेले, रंग उजळलेला, साडी नीट. समोरच्या गृहस्थांनी जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला काय झालंय?" वन्सं म्हणाल्या, "कॅन्सर." ते म्हणाले, "आता आहे?"

मंडळी, मानखुर्दपर्यंत वन्सं बोलल्या नाहीत. त्या माणसावर मी रागावले होते, पण नंतर वाटलं, त्याने विचारलेला प्रश्न अचूक होता. आता आहे का? नाही म्हणावं, तर या डब्यात का बसलात? आहे म्हणावं, तर जीभ रेटत नाही. हो आणि नाही यांच्यामध्ये जी बाई उभी आहे, तिच्यासाठी आपल्या भाषेत शब्दच नाही. रुग्ण म्हणावं तर ती भाजी निवडतेय, नोकरीला जातेय. निरोगी म्हणावं तर पर्समध्ये रोजची गोळी आहे आणि कॅलेंडरवर तपासणीची तारीख.

इंग्रजीतून 'सर्व्हायव्हर' आला, तो आपण तसाच वापरतो. मराठीत जे शब्द चालतात ते बघा. 'कर्करोगमुक्त', 'कॅन्सरविजेती', 'योद्धा'. 'मुक्त' हा शब्द आपण कर्जासाठी वापरतो, तुरुंगासाठी वापरतो. तिथे सुटका झाल्याचा कागद मिळतो. इथे तसा कागद नसतो. डॉक्टर काय म्हणतात ते नीट ऐका. चांगला डॉक्टर 'मुक्त' म्हणत नाही, तो म्हणतो, "सध्या काही दिसत नाही." माझ्या मते या सगळ्या शब्दसंग्रहात प्रामाणिक शब्द एकच, 'सध्या'. आणि बातमी लिहिताना, सत्काराचं पत्र लिहिताना नेमका तोच गळतो.

'विजेती'चं तर विचारूच नका. बातमीची दोनच साचे आहेत. जगली तर 'कॅन्सरवर मात', गेली तर 'झुंज अपयशी'. म्हणजे गेलेली बाई लढण्यात कमी पडली? पेशी काय करतात, औषध किती लागू पडतं, गाठ कुठल्या टप्प्यावर सापडली, यावर जे ठरतं ते आपण तिच्या हिमतीच्या खात्यावर मांडतो. आणि जी जगली तिचं काय? विजय मिळवलेल्या माणसाने तक्रार करायची नसते. सत्काराचा नारळ घेतल्यावर हात सुजतो म्हणून सांगायचं कसं?

आता सिनेमाकडे येते. 'आनंद', १९७१. हृषीकेश मुखर्जी. आपल्या सगळ्यांचा लाडका, माझाही. पण समीक्षक म्हणून बघा. आनंद हसतो, हसवतो आणि जातो. त्याला मुंबईत घर नाही, बायको-मुलं नाहीत, ऑफिसातली रजा संपत नाही. मरण इतकं स्वच्छ करून दिलंय की कुणाला दहा वर्षं त्याच्यासोबत तपासणीला जायचं नाही. त्या हसण्याचा आपल्यावर फार परिणाम झाला. आजारी माणसाने हसतमुख राहायचं हा नियम आपण तिथून उचलला. वन्सं एकदा म्हणाल्या होत्या, "वहिनी, मला भेटायला येणारा प्रत्येक माणूस माझ्याकडून करमणुकीची अपेक्षा करतो."

'श्वास' त्याहून फार वरचा. २००४, संदीप सावंत. कोकणातला परशा, डोळ्यांचा कर्करोग. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. तो स्तनाच्या कर्करोगाचा चित्रपट नाही हे मला ठाऊक आहे. पण उपचारानंतर माणूस पहिल्यासारखा राहणार नाही, ही गोष्ट इतकी सरळ सांगणारा दुसरा मराठी चित्रपट मला पटकन आठवत नाही. आणि त्यातलं एक पात्र आपण नीट बघितलेलंच नाही असं मला वाटतं. आसावरी, अमृता सुभाषने केलेली, रुग्णालयातली समाजसेविका. अरुण नलावड्यांचे आजोबा सगळ्यांना आठवतात, संदीप कुलकर्णींचे डॉक्टर आठवतात. आसावरीचं काम काय आहे? डॉक्टर बोलतात ते घरच्यांपर्यंत पोचवणं आणि घरच्यांना बोलता येत नाही ते बाहेर काढणं. परशाला खरं कसं सांगायचं, हा त्या चित्रपटातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे, ऑपरेशनपेक्षाही अवघड. आणि त्यात ही मुलगी लागते. सुरी चालवणारे हात कितीही चांगले असले तरी हे काम वेगळं आहे, हे त्या चित्रपटाने दाखवलं.

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. परशा काळा चष्मा लावून होडीतून गावाकडे परततो, आपण रडतो आणि दिवे लागतात. पुढे तो शाळेत जातो का, आई त्याला एकटं बाहेर सोडते का, पुढच्या तपासण्या कोण करून आणतं? तुम्ही म्हणाल, चित्रपट कुठेतरी संपवावा लागतोच. मान्य. पण आपल्या सगळ्याच गोष्टी एकाच जागी संपतात, ऑपरेशनच्या दाराशी किंवा स्मशानात. मग तीच सवय आपल्याला खऱ्या माणसांच्या बाबतीतही लागते. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात पंधरा माणसं असतात. डब्यांची रांग लागते. आणि दोन वर्षांनी जेव्हा रात्री अडीचला तिला पाठीत दुखतं आणि वाटतं की हे हाडात गेलं असेल का, तेव्हा तिच्यासाठी कोणी जागं नसतं.

आता फलक. ऑक्टोबर आला की सगळं गुलाबी होतं. हा जागृतीचा महिना १९८५ साली अमेरिकेत सुरू झाला, आणि त्यात पुढाकार असलेली कंपनी याच आजारावरचं टॅमॉक्सिफेन हे औषध बनवणारी होती. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, ते औषध उत्तम आहे. पण गुलाबी फीत गोळा शोधायला सांगते आणि तिथेच थांबते. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये दिल्ली मेट्रोत एक जाहिरात लागली होती, 'संत्री' तपासा अशा अर्थाची. युवराज सिंगच्या संस्थेची. ज्याने स्वतः कॅन्सर भोगला त्याची, म्हणजे हेतूबद्दल मी शंका घेणार नाही. लोक भडकले, जाहिरात काढली. तेव्हा चर्चा झाली ती अश्लीलतेची. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. शरीराच्या ज्या भागात आजार होतो त्याचं नाव जिथे घेता येत नाही, तिथे तो भाग काढून टाकल्यावर बाईने बोलायचं काय? संत्रं काढलं म्हणायचं?

आपल्या बायकांची भाषा बघा. आपण 'अंगावर पाजतो' म्हणतो. अंग. सगळं अंगच. आणि दुखणं लपवून सोसलं की म्हणतो 'अंगावर काढलं'. शिकवत होते तेव्हा हे दोन वाक्प्रचार मी वेगवेगळ्या दिवशी शिकवले. त्यांचा एकमेकींशी संबंध मला वन्संनी दाखवला. गाठ त्यांना आंघोळ करताना लागली होती गणपतीत. दाखवली दिवाळीनंतर.

ऑड्री लॉर्ड नावाच्या अमेरिकन कवयित्रीने हे नाव घेण्याचं काम केलं. १९७८ मध्ये तिचा एक स्तन काढला, १९८० मध्ये 'कॅन्सर जर्नल्स' हे छोटं पुस्तक आलं. ती लिहिते की काही दिवसांनी ती डॉक्टरकडे गेली, कृत्रिम स्तन न लावता, तर तिथल्या नर्सने तिला सुनावलं. लावून येत जा, नाहीतर इथल्या इतर बायकांचं मन खचतं, अशा अर्थाचं. लॉर्डने त्यावर मोशे दायानची आठवण काढली. इस्रायलचा एका डोळ्याचा सेनानी, डोळ्यावर काळी पट्टी. त्याला कुणी म्हटलं का, काचेचा डोळा बसव, आम्हाला बघवत नाही?

पुस्तक जबरदस्त आहे, पण एका ठिकाणी माझं लॉर्डशी जमत नाही. कृत्रिम स्तन लावणं म्हणजे जगाला फसवणं, असा सूर तिच्यात कधीकधी येतो. आमच्या वन्संना तो हवा होता. दिसण्यासाठी थोडं आणि तोलासाठी जास्त. एका बाजूचं वजन गेलं की खांदा झुकतो, मान आखडते. बाजारातला सिलिकॉनचा महाग, उन्हाळ्यात घाम. शेवटी सुती धाग्याचा क्रोशाने विणलेला मिळाला. मुंबईत असे विणून फुकट देणाऱ्या बायका आहेत. वन्संनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "हे कुणीतरी टाके मोजत केलंय." आता यात फसवणूक कुठे आहे?

बरं, आता ते कार्ड. घरी गेल्यावर काय करायचं, काय नाही, हे सांगणारा हा एकमेव कागद. वन्संच्या कार्डावर होतं: डाव्या हाताला सुई नको, बीपी नको, जड उचलू नका. कारण असं की काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातून द्रव पुढे सरकायची वाट अडते. मग हात सुजू शकतो, लगेच नाही, कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी. त्याला लिम्फिडिमा म्हणतात. आता हे 'जड उचलू नका' करंजाड्यात बसून वाचा. आपल्याकडे पाण्याची काय अवस्था आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. टँकर आला की सगळी बिल्डिंग खाली. बादली उचलायची की नाही? कार्ड लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं? नळाला चोवीस तास पाणी असलेली, स्वयंपाकाला बाई असलेली कुणीतरी. ज्या बाईला हा कागद दिला तिच्या घरी तो पाळता येत नाही, मग ती तो ट्रंकेत ठेवते आणि हात सुजला की स्वतःला दोष देते.

आणि गंमत म्हणजे विज्ञान या वाक्याच्या पुढे गेलंय. २००९ मध्ये अमेरिकेत कॅथरीन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी हात सुजलेल्या बायकांना शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, हळूहळू वाढवत, आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली. सूज वाढली नाही. उलट दुखणं उसळी घेण्याचे प्रसंग कमी झाले. याचा अर्थ उद्यापासून दोन बादल्या उचला असा नाही, एकदम तर नाहीच. अर्थ असा की त्या हाताला शिकवावं लागतं आणि शिकवणारं माणूस लागतं. 'उचलू नका' हे तीन सेकंदांत लिहून होतं. कसं उचलायचं ते शिकवायला फिजिओथेरपिस्टची सहा-सात बैठकांची वेळ द्यावी लागते.

त्या कार्डावर आणखी एक ओळ होती, गोळी रोज एक. बस. ही हार्मोनची गोळी, ज्यांची गाठ त्या प्रकारची असते त्यांना, पाच वर्षं, काहींना दहा वर्षं घ्यावी लागते. तिने अंगातून वाफा येतात, झोप उडते. दुसऱ्या प्रकारच्या गोळीने सांधे धरतात, हाडं विरळ होतात. नवऱ्याजवळ जाणं नकोसं होतं किंवा दुखतं. (थोडी शांतता) हो, हे मी करंजाड्याच्या सभागृहात बोलतेय. दवाखान्यातल्या दहा मिनिटांत, मागे मुलगा उभा असताना, कोणती बाई हे डॉक्टरला सांगेल? ती सांगत नाही. गुपचूप गोळी बंद करते. आणि गोळी बंद करणं धोक्याचं आहे. डॉक्टरला कळलं असतं तर बदलून देता आली असती, त्रासावर काही करता आलं असतं. 'रोज एक' या दोन शब्दांत पाच वर्षांची बोलणी दडपली गेली आहेत.

भीतीबद्दलही थोडं. वन्संना दरवर्षी सगळ्या अंगाचं स्कॅन हवं होतं. डॉक्टर म्हणाले, त्रास नसेल तर गरज नाही, तपासून घ्या आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी. वन्संना वाटलं, आता आपल्यात कुणाला रस नाही. खरं म्हणजे डॉक्टर बरोबर होते. १९९४ मध्ये इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष आले, मिळून अडीच हजारांहून जास्त बायका. काहींच्या वारंवार हाडांच्या, छातीच्या तपासण्या केल्या, काहींची फक्त साधी तपासणी आणि मॅमोग्राफी. जगण्यात फरक पडला नाही. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुणी दिली नाहीत, म्हणून बरोबर सल्ला हेळसांडीसारखा ऐकू आला. नवीन गाठ, न थांबणारं हाडाचं दुखणं, धाप, सततची डोकेदुखी यातलं काही झालं तर तारखेची वाट न बघता जायचं, हेही त्याच पाच मिनिटांत सांगता आलं असतं.

आता मी ज्या शब्दासाठी आले तो शब्द. 'काळजी'. चिंता म्हणजेही काळजी आणि निगा म्हणजेही काळजी. वाटते ती काळजी, घेतो तीही काळजी. आपल्या भाषेने या दोन गोष्टी एकाच शब्दात ठेवल्या, बहुधा माणसं एकमेकांची चिंता करायची म्हणूनच निगा घ्यायची, अशी जुनी समजूत असावी. आणि आपण निरोप घेताना काय म्हणतो? "काळजी करू नकोस. काळजी घे." पहिल्या वाक्याने तिची भीती बंद करून टाकली. दुसऱ्याने निगा तिच्यावरच सोपवली. आपण चप्पल घातली, निघालो. मी स्वतः हे वाक्य वन्संना किती वेळा म्हटलंय त्याची गणती नाही.

सरकारबद्दल, व्यवस्थेबद्दल एकच मुद्दा मांडते, बाकी डॉक्टर मंडळी बोलतील. खारघरला टाटाचं केंद्र आहे, आपल्यापासून लांब नाही. परळचं टाटा १९४१ पासून आहे. याच टाटाच्या लोकांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक अभ्यास केला, वीस वर्षं, दीड लाखांहून जास्त बायका. तपासणी कोणी केली? मोठ्या डॉक्टरांनी नाही, यंत्रांनी नाही. थोडं प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या बायकांनी, दर दोन वर्षांनी, हातांनी. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. आजार लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर फरक लहान होता, पक्का म्हणता येण्याजोगा नव्हता, हेही सांगायला हवं. पण मला त्यात दिसतं ते असं: शिकवलेली साधी बाई दुसऱ्या बाईच्या दाराशी जाऊन या विषयावर बोलू शकते, हे आपल्याच मुंबईत करून झालंय. मग तीच बाई उपचार संपल्यावर का जात नाही? हात बघायला, गोळी चालू आहे का विचारायला, आणि त्या न बोलायच्या गोष्टी मागे मुलगा उभा नसताना ऐकून घ्यायला? आसावरी चित्रपटात ठेवली आणि वस्तीतून वगळली, असं झालंय.

वेळ झाली वाटतं. प्रश्न घेऊ.

(एका श्रोत्या : माझ्या मुलीला हा आजार होईल का, हे मनातून जात नाही.)

बसा, बसूनच बोला. बहुतेक बायकांमध्ये हा आजार घराण्यातून आलेला नसतो. शंभरातल्या पाच ते दहा जणींमध्ये तसा असतो. तुमचं वय कमी होतं का, घरात आणखी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा होता का, यावरून डॉक्टर सांगतात जनुकांची तपासणी करायची का. पुढच्या तारखेला हा प्रश्न कागदावर लिहून न्या. लिहून न्या, कारण तिथे गेल्यावर विसरायला होतं.

(एक श्रोते : माझ्या बायकोला कशी आहेस विचारलं की बरी आहे म्हणते. मग आम्ही विचारायचं काय?)

चांगला प्रश्न आहे आणि पुरुषाने विचारला याचा आनंद आहे. कशी आहेस याचं उत्तर 'बरी' असंच येणार, तो प्रश्नच तसा आहे. तारीख विचारा. पुढची तपासणी कधी, रिपोर्ट कधी. आणि लक्षात ठेवा. तपासणीच्या आधीचे आठ दिवस फार वाईट जातात, त्यात भांडण काढू नका. टँकर आला की तुम्ही खाली जा. आणि तपासणीला सोबत जा, पण आत डॉक्टरांसमोर दोन मिनिटं तिला एकटीला बसू द्या. आमच्या वन्संची तारीख पुढच्या मंगळवारी आहे. सकाळची गाडी पकडायची ठरलंय. त्या म्हणाल्यात, या वेळी त्याच डब्यात बसू, आणि कुणी विचारलं तर सांगू, सध्या नाही.